कोटेशन देण्याआधी लायब्ररीचा परवाना वाचा

नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडला, मंगळवारी बाजाराच्या मागे, लिबर्टी चौकाच्या आसपास दुकानांच्या वरच्या मजल्यांवर सॉफ्टवेअरची छोटी ऑफिसं चालतात. पाच-सात जणांची टीम, एखादा ग्राहक हॉस्पिटलचा, एखादा हिंगणा एमआयडीसीतला कारखानदार, मधूनच एखादं सरकारी टेंडर. हा लेख त्या ऑफिसांच्या मालकांसाठी आणि तिथल्या डेव्हलपरांसाठी आहे. मंगळवारी बाजाराजवळच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा अंजुमन अभियांत्रिकीतून बाहेर पडून स्वतः बनवलेलं काही विकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठीही आहे.

ग्राहकाच्या हाती तुम्ही जे सॉफ्टवेअर देता, त्यात तुमचा स्वतःचा कोड थोडाच असतो. पीडीएफ तयार करणारी लायब्ररी एकाची, एक्सेल वाचणारी दुसऱ्याची, आलेख काढणारी तिसऱ्याची. त्या प्रत्येकीच्या खाली आणखी दहा-वीस लायब्रऱ्या दडलेल्या असतात आणि प्रत्येकीला परवाना असतो. कोटेशनमध्ये मात्र माणसांचे दिवस, सर्व्हर, जीएसटी आणि एएमसी एवढंच मोजलं जातं. परवान्याचा रकाना नसतो. पुढे मोठा ग्राहक करारासोबत ‘वापरलेल्या ओपन सोर्स घटकांची यादी द्या’ असं लिहून पाठवतो, तेव्हा धावपळ सुरू होते.

माझं सांगणं असं की हा निर्णय कोटेशनच्याच दिवशी घ्या. त्या दिवशी चार रस्ते खुले असतात. फुकट परवान्याच्या अटी पाळता येतात, व्यावसायिक परवाना विकत घेता येतो, वेगळी लायब्ररी निवडता येते, किंवा ग्राहकाला सोर्स कोड देण्याची तजवीज करारातच करता येते. माल दिल्यावर लायब्ररी बदलणं महाग पडतं, करार पुन्हा उघडायला ग्राहक तयार नसतो आणि परवाना विकणाऱ्याशी घासाघीस करण्याची ताकद तुमच्याकडे उरलेली नसते.

परवान्यांची घराणी थोडक्यात सांगतो. एमआयटी, बीएसडी आणि अपाची 2.0 हे सर्वांत मोकळे. त्यांचा कोड बंद सॉफ्टवेअरमध्ये घाला, विका, सोर्स दाखवू नका, चालतं. अट एवढीच की मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यायचा. अपाचीत पेटंटबद्दलचं कलम आहे आणि ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तीही पुढे द्यावी लागते. अट सोपी असूनही ती सर्रास मोडली जाते. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘ओपन सोर्स परवाने’ असं एक पान करा, काम झालं.

एलजीपीएल आणि एमपीएल मधल्या पायरीवर येतात. लायब्ररीत तुम्ही बदल केला तर तो बदल खुला करायचा, तुमचा बाकीचा कोड तुमचाच राहतो. एलजीपीएलमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ग्राहकाला त्या लायब्ररीची बदललेली आवृत्ती स्वतः जोडून बघता आली पाहिजे. म्हणून ती वेगळी डीएलएल किंवा वेगळी फाइल म्हणून ठेवणं सोयीचं.

जीपीएल आणि एजीपीएल हे कडक. विकत घ्यायच्या परवान्याचा प्रश्न बहुधा यांच्यापाशीच उभा राहतो, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत कुणाच्या हाती जाते?

जीपीएलबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ‘जीपीएल असेल तर विकता येत नाही’. विकता येतं, हवे तितके पैसे घेऊन विकता येतं. अट अशी आहे की ज्याला प्रोग्रॅमची प्रत दिली, त्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे आणि तो पुढे बदलण्याचा, वाटण्याचा हक्कही मिळाला पाहिजे. साऱ्या जगाला सोर्स द्या असं जीपीएल म्हणत नाही. प्रत मिळालेल्या माणसापुरतीच ती जबाबदारी आहे. प्रत बाहेर गेलीच नाही, सॉफ्टवेअर तुमच्याच ऑफिसात वापरलं, तर काहीच द्यावं लागत नाही.

आता आपल्याकडची कामं पाहा. बुटीबोरीच्या एका कारखान्यासाठी तुम्ही खास स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर लिहिलं. तो कारखाना बहुतेक वेळा सोर्स कोडसकट मागतो आणि तुम्ही देताही. अशा एका-ग्राहकाच्या कामात जीपीएल लायब्ररी वापरायला काहीच हरकत नसते. करारात एक परिच्छेद टाका की अमुक भाग जीपीएलखाली आहे आणि तुम्हाला त्याचा सोर्स दिला आहे. व्यावसायिक परवान्यावर रुपयाही खर्च करायची गरज नाही.

तेच सॉफ्टवेअर तुम्ही पॅकेज करून विदर्भातल्या पन्नास कारखान्यांना बंद स्वरूपात विकायचं ठरवलं, की हिशेब पालटतो. पहिल्याच गिऱ्हाइकाला सोर्स मागण्याचा आणि तो शेजारच्याला देण्याचा हक्क आहे. ते परवडत नसेल तर व्यावसायिक परवाना घ्या किंवा लायब्ररी बदला. म्हणून परवान्याचं नाव पाहण्याआधी स्वतःला विचारा की प्रत कुणाकुणाच्या हाती जाणार आहे. लायब्ररी तीच, कोड तोच, पण एका कामात ती फुकट पडते आणि दुसऱ्यात नाही.

एजीपीएलने यात नेटवर्कची भर घातली. जीपीएलची तिसरी आवृत्ती जून 2007 मध्ये आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एजीपीएलची. सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरवरच आहे, ग्राहक फक्त ब्राउझरमधून वापरतो, प्रत कुणालाच दिली नाही, ही जीपीएलमधली पळवाट एजीपीएलच्या तेराव्या कलमाने बुजवली. बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळण्याची सोय ठेवावी लागते. कलमात शब्द ‘बदललेला’ असा आहे, आणि काही जण त्यावर बोट ठेवून म्हणतात की आम्ही लायब्ररीला हातच लावला नाही. या युक्तिवादावर धंदा उभारू नका. लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅममध्ये जोडली की दोन्ही मिळून एक नवी कृती होते, असाच अर्थ या लायब्रऱ्यांचे मालक लावतात, आणि वादाची वेळ आली तर वकिलाची फी परवान्यापेक्षा जास्त होते.

विकत घेण्याचा रस्ता नेमका कुठे लागतो

बिलाची पीडीएफ काढणं हे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये येतं, म्हणून आयटेक्स्टचं उदाहरण घेतो. ही मूळ बेल्जियममधली लायब्ररी 2.1.7 आवृत्तीपर्यंत एमपीएल आणि एलजीपीएलखाली होती. 2009 च्या अखेरीस पाचवी आवृत्ती एजीपीएलखाली आली आणि ज्यांना आपला सोर्स द्यायचा नाही त्यांच्यासाठी व्यावसायिक परवाना विक्रीला ठेवला. नेटवर सापडणारा नमुना कोड मात्र सगळ्या आवृत्त्यांचा मिसळलेला असतो. मुलं नवी आवृत्ती उतरवून घेतात, बिल छापलं जातं आणि परवाना कुणी उघडत नाही. आयटेक्स्टच्या जुन्या कोडवरून वेगळी निघालेली ओपनपीडीएफ ही लायब्ररी एलजीपीएल आणि एमपीएलखाली आहे. साध्या बिलासाठी ती पुरते. डिजिटल सही, पीडीएफ फॉर्म, दीर्घकाळ जपायचे दस्तऐवज असं भारी काम असेल तर मात्र आयटेक्स्टचा व्यावसायिक परवाना घेणंच शहाणपणाचं, कारण त्यात सपोर्टही मिळतो.

पीडीएफच्याच क्षेत्रात घोस्टस्क्रिप्ट आहे. तिची मालक कंपनी आर्टिफेक्स ती एजीपीएल आणि व्यावसायिक अशा दोन परवान्यांखाली देते. पायथनमधली पायएमयूपीडीएफही तिचीच, त्याच दोन परवान्यांखाली. दक्षिण कोरियाच्या हॅनकॉम कंपनीने आपल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये घोस्टस्क्रिप्ट घातली, सोर्सही दिला नाही आणि परवानाही घेतला नाही. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं. तिथे 2017 मध्ये न्यायालयाने जीपीएल मोडणं हा कराराचा भंग म्हणूनही दाव्यात मांडता येईल असं मानलं, आणि पुढे दोन्ही पक्षांनी तडजोड केली. त्या खटल्याचा धडा असा की व्यावसायिक परवाना विक्रीला ठेवलेला असला, की नुकसान किती झालं हे न्यायालयाला मोजता येतं.

सरकारी टेंडरवाल्यांनी फ्रान्सचा निकाल आवर्जून लक्षात ठेवावा. आंत्रूवेर ही छोटी फ्रेंच कंपनी लॅसो नावाची लॉगिन-ओळखीची लायब्ररी जीपीएल आणि व्यावसायिक अशा दोन्ही परवान्यांखाली देत होती. ऑरेंज या बलाढ्य टेलिकॉम कंपनीने ती सरकारी पोर्टलच्या कामात वापरली आणि जीपीएलच्या अटी पाळल्या नाहीत. वाद दहा वर्षांहून जास्त चालला. 14 फेब्रुवारी 2024 रोजी पॅरिसच्या अपील न्यायालयाने ऑरेंजला सुमारे आठ लाख युरो भरपाई द्यायला लावली.

डेस्कटॉपवर बिलिंगचं पॅकेज विकणाऱ्यांनी दोन ठिकाणं तपासावीत. मायएसक्यूएल सर्व्हर आणि तिचा कनेक्टर तुमच्या सेटअपमध्ये बांधून बंद सॉफ्टवेअरसोबत दिला, तर तो जीपीएल आहे आणि ओरॅकल त्यासाठी व्यावसायिक परवाना विकते. मारियाडीबीचे सी आणि जावाचे कनेक्टर एलजीपीएल आहेत. पायथनमध्ये खिडक्या-बटणांसाठी पायक्यूटी वापरली तर ती जीपीएल किंवा विकत, पण पायसाइड एलजीपीएलखाली मिळते आणि कोड फारसा बदलावा लागत नाही. असा बदल सुरुवातीला केला तर एका दुपारचं काम असतं.

डॉट नेटवाल्यांना गेल्या काही वर्षांत सर्वाधिक झळ बसली आहे. एक्सेलसाठी सगळे वापरत असलेली ईपीप्लस 2020 मध्ये पाचव्या आवृत्तीपासून एलजीपीएल सोडून गेली आणि व्यवसायासाठी विकत झाली. फ्लुएंट असर्शन्सची आठवी आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये व्यावसायिक झाली, दर माणशी वर्षाला सुमारे 130 डॉलर. ऑटोमॅपर आणि मीडिएटर यांनी 2025 मध्ये तोच रस्ता धरला. टायनीएमसीई हा मजकूर लिहिण्याचा एडिटर सहाव्या आवृत्तीत एमआयटी होता, 2024 च्या सातव्या आवृत्तीत जीपीएल झाला. जुनी आवृत्ती तुम्ही ज्या परवान्याखाली घेतली, तो तिच्यापुरता कायम राहतो, कुणी मागे जाऊन तो काढून घेऊ शकत नाही. पण जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या बऱ्याचदा मिळत नाहीत. म्हणून आवृत्तीचा आकडा बांधून ठेवा, ‘लेटेस्ट’ असं कधीही लिहू नका, आणि एकदा विचारपूर्वक ठरवा की पैसे भरायचे की लायब्ररी बदलायची.

छोट्या ऑफिसांसाठी यात एक दिलासा आहे. यातल्या बऱ्याच लायब्रऱ्यांनी लहान कंपन्यांना सूट ठेवली आहे. पीडीएफसाठीची क्वेस्टपीडीएफ वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांना फुकट आहे. ओळख तपासणीसाठीच्या ड्यूएंड आयडेंटिटीसर्व्हरनेही लहान कंपन्यांसाठी मर्यादेसह मोफत आवृत्ती ठेवली. सदरमधली बहुतेक ऑफिसं या मर्यादेच्या आत बसतील. मात्र मर्यादा कुणाच्या उलाढालीला लागते ते नीट वाचा, तुमच्या की तुमच्या ग्राहकाच्या. तुम्ही लहान आणि ग्राहक मोठी बँक, अशा कामात हाच मुद्दा अडतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवरून धंदा सुरू करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कॅमेऱ्यातून गाडीची नंबर प्लेट वाचणं, हेल्मेट आहे की नाही ते ओळखणं, संत्र्याची प्रतवारी करणं, असले प्रोजेक्ट अल्ट्रालिटिक्स कंपनीच्या योलो मॉडेलवर करण्याकडे बहुतेकांचा ओढा असतो. योलोची आठवी आवृत्ती एजीपीएलखाली आहे आणि बंद उत्पादनासाठी कंपनी एंटरप्राइझ परवाना विकते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये कोड खुला ठेवला तर काही अडचण नाही. पण तोच कोड यंत्रात घालून बाजार समितीला विकायला निघाला, की प्रश्न उभा राहतो. त्याच कामासाठी योलोएक्स आणि आरटी-डेटर ही अपाची 2.0 खालची मॉडेल आहेत. प्रशिक्षण सुरू करण्याआधी निवड करा, कारण महिनाभर फोटोंवर खुणा करून मॉडेल तयार झाल्यावर ते बदलायला कुणाचंही मन धजत नाही.

परवाना विकत घेताना काय वाचायचं

दरपत्रकात आकडा मोठा छापलेला असतो, पण खरा खर्च तो कशाने मोजला यात असतो. दर माणशी डेव्हलपर, दर उत्पादन, दर सर्व्हर, दर वापरकर्ता किंवा संपूर्ण कंपनीचे कर्मचारी, अशा वेगवेगळ्या मापांनी परवाने विकले जातात. ओरॅकलने जावाच्या आपल्या आवृत्तीसाठी जानेवारी 2023 पासून कंपनीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारणी सुरू केली. त्यात जावाला कधी हात न लावणारा हिशेबनीसही मोजला जातो. ओपनजेडीकेच्या टेम्युरिन किंवा कोरेटो या मोफत आवृत्त्या उपलब्ध असताना आपल्या ग्राहकावर हा बोजा येऊ देऊ नका.

त्यानंतर पुढे देण्याचा हक्क पाहा. तुम्ही परवाना घेतला, पण सॉफ्टवेअर ग्राहकाच्या सर्व्हरवर बसणार आहे. तिथे ते चालवण्याचा हक्क ग्राहकाला मिळतो का, की त्याला वेगळा परवाना लागतो? वर्गणी बंद केली तर आधी दिलेली आवृत्ती चालू ठेवता येते का, की तीही बंद करावी लागते? कायमचा परवाना आणि वर्षभराची वर्गणी यांत दर वर्षी किती जाणार, त्याचा पाच वर्षांचा हिशेब करून एएमसीत धरा. तपासणीचं कलम असेल तर किती दिवसांची आगाऊ सूचना देऊन विक्रेत्याची माणसं येणार, हेही पाहून ठेवा. लायब्ररीवर तिसऱ्याच कुणी कॉपीराइटचा दावा केला तर विक्रेता तुमच्या बाजूने उभा राहील का, या प्रश्नाचं उत्तर व्यावसायिक परवान्यात मिळतं. फुकट परवान्यात ते जवळजवळ कधीच नसतं, आणि मोठे ग्राहक पैसे मोजतात ते बऱ्याचदा यासाठीच.

दराबाबत संकोच न करता लिहा. आपण नागपूरच्या चार माणसांची कंपनी आहोत, उत्पादन अजून बाजारात यायचं आहे, असं स्पष्ट सांगून सवलत मागता येते. मेल पाठवायला पैसे पडत नाहीत, आणि लायब्ररीचा लेखक बऱ्याचदा तुमच्यासारखाच छोट्या ऑफिसात बसलेला असतो.

कराचं एका परिच्छेदात आटोपतो. परदेशातून परवाना घेतला तर ती सेवेची आयात ठरते आणि नोंदणीकृत व्यवसायाला 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने स्वतः भरून नंतर क्रेडिट घ्यावं लागतं. टीडीएसबाबत इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 मार्च 2021 रोजी तयार सॉफ्टवेअरच्या किमतीला रॉयल्टी न मानण्याचा निकाल दिला. तुमच्या व्यवहाराला तो लागतो का, हे पैसे पाठवण्याआधी सीएला विचारा.

आपलं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर

इतका वेळ घेणाऱ्याच्या बाजूने बोललो. पण नागपूरच्या ऑफिसांत लिहिलेल्या लायब्रऱ्याही आहेत. जीएसटीची विवरणं, देवनागरी मजकुराची वर्गवारी, सातबाऱ्याच्या नोंदी वाचणं, असल्या गोष्टींना बाजार आहे. त्या खुल्या ठेवून त्यांवर कमावता येतं, आणि ते कसं करायचं हे मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजकडे पाहून समजतं. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी केलेल्या सॉफ्टवेअरमधून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. कंपनीचं आधीचं नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज. त्यांची परवान्यांची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. पाया असलेलं फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटीखाली आहे, म्हणजे त्यावर कुणीही स्वतःचं बंद अ‍ॅप उभारू शकतो. ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. नंतर आलेली सीआरएम आणि हेल्पडेस्क यांसारखी अ‍ॅप एजीपीएलखाली आहेत. उत्पन्न होस्टिंग आणि सपोर्टमधून येतं.

आपल्याकडे ईआरपीनेक्स्ट बसवून देण्याची कामं घेणाऱ्यांना यातून थेट उत्तरं मिळतात. ईआरपीनेक्स्टमध्ये बदल करून कारखान्याला दिलं तर सोर्स त्या कारखान्याला द्या. सीआरएममध्ये बदल करून स्वतःच्या सर्व्हरवरून दहा ग्राहकांना दिलं तर त्या दहाही जणांना सोर्स मागता येईल. फक्त फ्रेमवर्क घेऊन, ईआरपीनेक्स्टचा कोड न वापरता, स्वतःचं नवं अ‍ॅप लिहिलं तर ते बंद ठेवता येतं. आणि कोडचा परवाना मिळाला म्हणजे नाव आणि बोधचिन्ह वापरायचा हक्क मिळाला असं नाही. ट्रेडमार्क वेगळा असतो, त्याचे नियम वेगळे वाचायचे.

कमावण्याचे इतर मार्गही आहेत. मूळ लायब्ररी एमआयटीखाली ठेवून प्रगत भाग विकत देणं, जसं एजी ग्रिड करते. जीपीएल किंवा एजीपीएल आणि सोबत व्यावसायिक परवाना. उलाढालीच्या मर्यादेपर्यंत फुकट. ठरावीक वर्षांनी आपोआप खुला होणारा बिझनेस सोर्स परवाना. माझं मत विचाराल तर लायब्ररीसाठी एजीपीएल आणि व्यावसायिक ही जोडी छोट्या लेखकाला सर्वांत जास्त उपयोगी पडते. जो आपला कोड खुला ठेवतो त्याला फुकट, जो ठेवत नाही त्याने पैसे द्यायचे, आणि यात कुणावर अन्याय होत नाही. काहीही निवडा, पण पहिल्या दिवशीच निवडा. रेडिसने मार्च 2024 मध्ये मोकळा बीएसडी परवाना सोडला तेव्हा काही दिवसांतच वाल्की नावाने जुना कोड वेगळा चालू झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात रेडिसने एजीपीएल जोडला, तरी वाल्की आता वेगळी नांदतेच आहे.

दोन परवान्यांचा हा व्यवहार एका गोष्टीवर उभा असतो. सगळ्या कोडचा कॉपीराइट तुमचा असला पाहिजे. आणि इथेच आपल्याकडच्या ऑफिसांचा पाया कच्चा असतो. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. कलम 17 नुसार पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड त्याचाच राहतो, तुम्ही त्याचं पूर्ण बिल चुकवलं असलं तरीही. मोबदल्याशिवाय आलेल्या इंटर्नच्या कोडबद्दलही हाच प्रश्न येऊ शकतो. तो कोड तुमच्या नावावर यायला कलम 19 प्रमाणे लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ओके सर’ चालत नाही.

त्याच कलमात आणखी तीन गोष्टी आहेत. करारात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांचंच मानलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो, वेगळं लिहिलं असल्याखेरीज. कलम 30अ मुळे हेच नियम परवान्यांनाही लागतात. म्हणून अमेरिकन नमुन्यावरून उतरवलेला करार वापरण्याआधी ‘जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, वापर केला नाही तरी परत न जाणारा’ हे शब्द आपल्या वकिलाकडून त्यात घालून घ्या. बाहेरून येणारी प्रत्येक दुरुस्ती स्वीकारण्याआधीही अशीच लेखी संमती घ्या. ती नसेल तर व्यावसायिक परवाना विकताना दुसऱ्याच्या ओळी तुम्ही विकत असता.

नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून कामी येते. फी पाचशे रुपये आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर अर्जासोबत सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात आणि त्यांतला कुठलाही भाग झाकता येत नाही. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था, सदरला लागूनच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तिच्या कार्यक्रमांची चौकशी करा. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिकांना ज्यासाठी प्रवास करावा लागेल ते तुमच्या ऑफिसापासून काही मिनिटांवर आहे.

पैसे उभे करण्याचा आणखी एक दरवाजा 2024 मध्ये उघडला. झिरोधाने फ्लॉस फंड नावाने वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत मदतीची योजना खुल्या सॉफ्टवेअरसाठी जाहीर केली. तुमची लायब्ररी इतरांच्या खरोखर उपयोगी पडत असेल तर अर्ज जरूर करा.

यादी कशी करायची

साधनं फुकट आहेत. पायथनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर, सगळ्या प्रकारच्या कोडसाठी स्कॅनकोड आणि फॉसॉलॉजी, घटकांची प्रमाणित यादी काढायला सिफ्ट. एकदा चालवा, निघालेली यादी डोळ्यांखालून घाला आणि जीपीएल, एजीपीएल, ‘अज्ञात’ आणि ‘नॉन-कमर्शियल’ अशा ओळींवर खूण करा. फॉन्ट, आयकॉन आणि मॉडेलच्या फाइलींवरही हीच नजर ठेवा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत आणि सॉफ्टवेअरसोबत विनासंकोच देता येतात. नेटवरून उतरवलेल्या बाकीच्या सगळ्या देवनागरी फॉन्टबद्दल असं म्हणता येत नाही.

ही यादी आता ग्राहकही मागू लागले आहेत. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनने ऑक्टोबर 2024 मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबद्दल तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. सेबीच्या ऑगस्ट 2024 च्या सायबर सुरक्षा चौकटीतही ती आली आहे. म्हणजे शेअर दलालांचं किंवा म्युच्युअल फंडाचं काम करणाऱ्या ऑफिसाला ती द्यावी लागू शकते. बाकीच्यांकडेही हा प्रश्न येणारच.

तपासणीत चूक सापडलीच तर ती लपवू नका. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या चुकीला सोय आहे. मालकाची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत चूक सुधारली तर परवाना पुन्हा लागू होतो. दुसऱ्या आवृत्तीत ही सवलत नाही, तिथे मालकाला स्वतःहून लिहून बोलणी करणं बरं.

आणि विद्यार्थ्यांनो, गिटहबवर टाकलेल्या तुमच्या कोडसोबत परवान्याची फाइल आहे का ते आज पाहा. ती नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडे राखीव राहतात आणि दुसऱ्या कुणालाही तो कोड वापरता येत नाही, तुम्हाला तो वाटायचा असला तरीही. फाइल टाका, तिच्यात तुमचं नाव आणि वर्ष लिहा, आणि व्यावसायिक परवाना हवा असेल तर कुठे लिहायचं तो मेलचा पत्ता त्याच पानावर द्या.